ओल्या भिंतीवरचे वीस शब्द

वर्डेल मिम्सचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हाही त्यावर तोच निळा शिक्का होता: 'वर्णन अपुरे'.

अर्जात एक चौकोन असतो. त्याच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'तक्रारीचे स्वरूप नेमके व सविस्तर लिहावे'. वर्डेलने तिथे लिहिलं होतं: भिंत ओली आहे. बुरशी आहे. वास येतो. माझ्या बहिणीला श्वास घेता येत नाही. याहून नेमकं काय लिहायचं असतं, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. घर-तपासणीच्या कचेरीतली काचेमागची बाई सल्ला द्यायला मात्र तयार होती.

"मिस, लिहिण्याची अडचण असेल तर लायब्ररीत दर शनिवारी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. फुकट असतो."

"लिहिण्याची अडचण मला नाही," वर्डेल म्हणाली. "वाचण्याची तुम्हाला आहे."

असं ठणकावून ती ताडताड बाहेर पडली, आणि पुढच्या शनिवारी सकाळी दहाला लायब्ररीच्या तळघरात जाऊन बसली. राग होता, पण नोव्हेंबरही जवळ येत होता.

घरी झेल्मा होती. थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आणि नाकात नळी. डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, खिडक्या बंद करून त्या खोलीत आणखी एक हिवाळा काढलात तर त्याच्या पुढचा हिवाळा ती बघणार नाही. म्हणजे थंडी पडायच्या आत भिंत फोडून आतलं पाणी थांबवायला हवं होतं. दुसरं घर बघा, असं सांगणारे पुष्कळ भेटत. ते सगळे कोरड्या घरात राहत.

वर्डेल स्वतः साठीची. उंच, रुंद खांद्यांची, एका सरकारी शाळेच्या जेवणघरात सव्वीस वर्षं मुलांना वाढणारी. आईच्या आजारपणात आठवीतून शाळा सुटली, ती पुन्हा शाळेत गेली ती डोक्याला जाळी बांधून, वाढायचा डाव घेऊन. पण अडाणी म्हणाल तर दात पडतील. पेपर पहिल्या पानापासून मयताच्या बातम्यांपर्यंत वाचायची. टॅनर्स रो या आपल्या गल्लीतल्या निम्म्या भाडेकरूंच्या नोटिसा तीच वाचून द्यायची. दर शनिवारी संध्याकाळी दारापुढच्या पांढऱ्या दगडी पायऱ्या ब्रशने घासायची, आईने घासल्या तशाच. आणि आपला घरमालक कोण, हे शोधायला ती दोन बुधवार जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसली होती. भाडं ज्या कंपनीला जातं तिला एका झाडाचं नाव. त्या कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिला एका पक्ष्याचं नाव. झाड झालं, पक्षी झाला, आणि तिसऱ्या कागदावर एकदाचा माणूस सापडला: लॉर्न हॅचर. एवढं हुडकून काढणाऱ्या बाईला 'वर्णन अपुरे'.

वर्गात सात जण. शिकवायला कोल्बी टीग नावाचा सत्ताविशीतला तरुण, कापडी पिशवी, कोरे बूट आणि डोळ्यांत दुसऱ्याचं भलं करण्याची ती चमक, जी दिसली की शहाण्या माणसाने दोन पावलं मागे सरकावं.

"मला तक्रारअर्ज लिहायला शिकवा," वर्डेलने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"आपण त्याहून कितीतरी मोठ्या गोष्टीकडे निघालोय, वर्डेल!"

"मिस वर्डेल."

"हो, हो. मिस वर्डेल. आपण साहित्याकडे निघालोय."

मोठी गोष्ट म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची एक भयकथा. दलदलीच्या काठावर एक हवेली, तिच्यात एक विधुर सरदार, तळघरात बंद केलेलं एक घड्याळ आणि दर दुसऱ्या ओळीला धुकं. सरदाराला कामधंदा नाही, म्हणून तो खिन्न. कथेला टाचणीने लावलेली एक यादी, कठीण शब्द वीस: विदीर्ण, पांडुर, पूतिगंध, कवक, विषण्ण, जुगुप्सा, स्रवणे, अनिष्टसूचक, असे. दर शनिवारी परीक्षा. डाव्या रांगेतला शब्द उजव्या रांगेतल्या अर्थाला रेघ मारून जोडायचा. आणि घरून प्रत्येक शब्दाचं एकेक वाक्य लिहून आणायचं, असं की नुसत्या वाक्यावरून अर्थ कळावा.

शेजारच्या बाकावर मि. क्लीओफस ब्रॅग बसत. एक्काहत्तर वर्षांचे, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, नातीच्या पत्राला स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं म्हणून आलेले.

"मिस वर्डेल," ते यादी लांब धरून म्हणाले, "हे 'पांडुर' म्हणजे काय हो?"

"फिकट. मेल्यासारखं."

"मग मेल्यासारखं म्हणायला त्याचं काय जात होतं?"

"तो सरदार आहे. त्याला वेळ आहे."

मि. टीगने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. शिष्य चर्चा करताहेत असं त्याला वाटलं.

वर्डेलने शब्द पाठ करायचं ठरवलं, तर तिच्या पद्धतीने. जेवणघरात ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची: मीठ, सोडा, कॉर्नचं पीठ. तशीच वीस कार्डं तिने कापली, प्रत्येकावर एक शब्द लिहिला आणि ज्याचा शब्द त्याला लावायला घेतला. 'विदीर्ण' भिंतीतल्या भेगेशेजारी चिकटवलं. चिकटपट्टी धरेना. भिंत एवढी ओली की कार्ड दहा मिनिटांत घसरून पलंगामागे पडलं. मग तिने खिळा आणला. हातोडी उचलायची वेळच आली नाही. अंगठ्याने दाबला तर खिळा पावात जावा तसा आत गेला.

"आता भिंतीला शिकवतेस का?" झेल्मा पलंगावरून म्हणाली.

"गप पडून राहा."

"वाच ना, काय लिहिलंयस. माझ्या उशाशी ठोकतेयस, मला कळायला नको?"

"विदीर्ण. म्हणजे चिरफाळलेली."

"आणि ते खालचं?"

"कवक. म्हणजे बुरशी."

"आपल्याला बुरशी म्हणतात हे तिला ठाऊक आहे," झेल्मा म्हणाली आणि हसताहसता खोकली. खोकली ती बराच वेळ. वर्डेल तोवर 'पांडुर'चं कार्ड हातात धरून उभी राहिली, आणि खोकला थांबल्यावर तिने ते यंत्रावर चिकटवलं, कारण ओठांचा रंग गेला की आधी त्या यंत्राचाच काटा बघावा लागे.

दोन आठवड्यांत एकोणीस कार्डं लागली. गंमत बघा, घर सोडून काही शोधायला जावंच लागलं नाही. सरदाराच्या हवेलीत जे जे होतं ते ते टॅनर्स रोवरच्या दुसऱ्या मजल्यावर होतं, फक्त सरदार नव्हता. विसावं कार्ड उरलं: 'औदासीन्य'. समोर काहीही होवो, त्याचं सोयरसुतक नसणे. ते लावायला घरात जागा सापडेना. झेल्मा दिवसभर सगळ्यांची उणीदुणी काढायची, वर्डेल पायऱ्या घासायची, यंत्रसुद्धा घुरघुर करायचं. कार्ड साखरेच्या डब्यात पडून राहिलं.

मग वाक्यं लिहिली. तिने डोकं खाजवलं नाही, इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं:

'छतापासून बहिणीच्या उशापर्यंत भिंत विदीर्ण झाली आहे. भेगेत माझ्या करंगळीचं एक पेर जातं.'

'पाऊस थांबला तरी भिंत तीन दिवस स्रवते. खाली ठेवलेलं पातेलं सकाळी चार बोटं भरलेलं असतं.'

'मार्चमध्ये कवक बशीएवढं होतं, सप्टेंबरमध्ये ते दाराएवढं झालं.'

'रविवारी रताळी भाजली तरी पाहुण्याला आधी पूतिगंध येतो.'

अशी वीस. पुढच्या शनिवारी वही परत आली, तर समासात लाल शाईने लिहिलेलं: 'थरारक! अफाट कल्पनाशक्ती!' आणि वर एक सोनेरी चांदणी चिकटवलेली. साठीच्या बाईच्या वहीवर, बालवाडीत लावतात तशी चांदणी.

वर्ग सुटल्यावर वर्डेल त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मि. टीग, ही कल्पना नाही. हे माझं घर आहे."

त्याने हात छातीवर ठेवला. त्याचे डोळे पाणावले, देवाशपथ पाणावले. "अगदी बरोबर, मिस वर्डेल. असं एक घर आपल्या प्रत्येकाच्या आत असतं."

"माझं टॅनर्स रोवर आहे."

"तेच तर! त्याला तुम्ही पत्तासुद्धा दिलाय."

जो माणूस धुक्यात चालायचे पैसे घेतो, त्याला भिंत दाखवून उपयोग नाही. भिंतीला हात लावला तरी तो म्हणेल, वा, काय प्रतीक आहे! वर्डेल जिना चढून वर आली. मि. क्लीओफस दारापाशी टोपी घालत होते.

"काय म्हणाला मास्तर?"

"माझी भिंत माझ्या आत आहे म्हणाला."

"मग तपासणीवाला तुमच्या घशातून उतरणार म्हणायचा," मि. क्लीओफस म्हणाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी वर्ग नव्हता. लायब्ररीच्या वरच्या दालनात देणगीदारांच्या सन्मानाची न्याहारी होती. दरवर्षीची रीत: पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, कॉफी, मुठीएवढे मफिन, आणि शिकणाऱ्यांच्या लेखनाची छापील पुस्तिका. शिकणाऱ्याने उभं राहून आपलं लेखन वाचायचं, मग एखाद्या देणगीदाराने त्याच्या प्रतीवर कौतुकाचे दोन शब्द लिहून सही करायची. घेणाऱ्याने वाचायचं, देणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या, आणि दोघांनी मिळून फोटो काढायचा. वर्डेलची वीस वाक्यं पान सातवर छापली होती, वर मि. टीगने दिलेलं नाव: 'अंतरीची हवेली'.

"मिस वर्डेल, हे तुमची प्रत सही करणारे पाहुणे," मि. टीग एका राखी कोटातल्या गृहस्थांना पुढे करत म्हणाला. "आपल्या वर्गाचे सगळ्यात मोठे आधारस्तंभ. मि. लॉर्न हॅचर."

झाड, पक्षी, आणि हा तो माणूस. गोरा, गुळगुळीत, दात एकसारखे. त्याने हात पुढे केला. तिचं नाव त्याने ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. का हलावी? भाडेकरूची नावं कंपनीला ठाऊक असतात, कंपनीच्या मालकाला नव्हे. त्यासाठीच तर मधे झाड आणि पक्षी ठेवलेला असतो.

वर्डेलच्या हातात गरम कॉफी होती. मि. क्लीओफसना तिने दप्तरखान्यातली सगळी कथा सांगितलेली. त्यांनी पुढच्या दोन सेकंदांत काय होणार ते ओळखलं.

"मिस वर्डेल," ते हळूच म्हणाले, "कॉफी खाली ठेवा."

"तो हाच."

"ऐकलं मी. कॉफी खाली ठेवा. आत्ता तुम्ही बोललात तर संतापलेली बाई म्हणून तुम्हाला दोघं जण दंडाला धरून बाहेर नेतील, आणि तो मफिन खाईल."

तिने आयुष्यात कधी तोंड मिटलं नव्हतं. आईपुढे नाही, मुख्याध्यापकापुढे नाही, पाद्र्यापुढे तर नाहीच. गळ्यापर्यंत आलेला शब्द, आणि तो त्या यादीतला नव्हता, तिने गिळला. कॉफी खाली ठेवली. पुढे जाऊन उभी राहिली आणि पान सातवरची वीसच्या वीस वाक्यं वाचली, घाई न करता, चारशे पोरांच्या कलकलाटावर जाणारा आवाज लावून. पातेलं चार बोटं भरतं हे वाचताना ती हॅचरकडे बघत होती. तो मान डोलवत होता.

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात त्याच्या.

"कमाल आहे!" तो म्हणाला. "मला इथे बसून वास आला हो! खरंच आला."

"आला का?" वर्डेल म्हणाली. "मग हे असंच लिहून द्याल, मि. हॅचर? माझी थोरली बहीण घरीच असते. तिला वाचून दाखवीन."

"आनंदाने!"

त्याने जाड पेनचं झाकण काढलं आणि पान सातच्या खाली लिहिलं: 'प्रिय मिस मिम्स, तुमच्या भिंतीचा वास मला इथपर्यंत आला. शब्दन् शब्द खरा आहे. असंच लिहीत राहा.' खाली सही. सहीखाली तारीख. तारीख तिने मागून घेतली. "बहिणीला तारखा फार लागतात," म्हणाली.

झेल्माने घरी ते तीनदा वाचलं.

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"नाही."

"एक अक्षर नाही?"

"नाही म्हटलं ना."

"डॉक्टरला बोलावते थांब," झेल्मा म्हणाली. "आपल्या दोघींत आजारी कोण ते एकदा बघून घेऊ."

सोमवारी वर्डेलने चौथा अर्ज भरला. चौकोनात लिहिलं, 'सोबतच्या छापील पानाप्रमाणे', आणि बिनसहीच्या दुसऱ्या प्रतीतलं पान सात जोडलं, वर मास्तराने दिलेलं नाव काट मारून. काचेमागच्या बाईने ते वाचलं. "हं. याला म्हणतात सविस्तर," ती म्हणाली. "छापीलच आहे की." हाताने लिहिलेली ओली भिंत तीनदा अपुरी पडली, चकचकीत कागदावरची एका झटक्यात पुरी झाली. सुनावणीची तारीख मिळाली, ऑक्टोबरातलाच शेवटचा मंगळवार, सकाळी साडेनऊ.

सुनावणी मिसेस ओबर्ग नावाच्या बाईंपुढे होती. चष्मा गळ्यात, स्वेटर खांद्यावर, आणि समोर फायलींची चळत. कंपनीकडून एक वकील आला होता, वयाने लहान, आवाजाने मोठा.

"मॅडम, तक्रारदाराने अतिशयोक्ती केली आहे. स्वयंपाकाच्या वाफेने घरात थोडी ओल धरते. ही भाषा तर बघा, 'पूतिगंध', 'स्रवते'! हे वर्णन नाही, गोष्ट आहे. माझ्या अशिलाला यातला एक शब्दही मान्य नाही."

"तुमचा अशील कोण?" वर्डेलने विचारलं.

"कंपनी."

"कंपनीचा मालक?"

"दुसरी कंपनी."

"आणि तिचा?"

वकील मिसेस ओबर्गकडे बघू लागला. त्यांनीही चष्मा चढवून त्याच्याकडेच बघितलं. "सांगा की. मलाही ऐकायचंय."

"मि. लॉर्न हॅचर," तो म्हणाला. आता आवाज वयाएवढाच झाला होता.

वर्डेलने दप्तरखान्यातले तीन कागद ठेवले आणि त्यांच्यावर पुस्तिकेची ती प्रत, पान सात उघडून. मिसेस ओबर्गनी छापलेलं वाचलं, मग हाताने लिहिलेलं. मग ते मोठ्याने वाचलं, वकिलाने लिहून घ्यावं अशा बेताने. "शब्दन् शब्द खरा आहे. सही, तारीख."

"मॅडम, ते एका समारंभात, सौजन्य म्हणून..."

"ते मला कळतं. यावरून भिंतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही." वर्डेलने कागद आवरायला हात पुढे केला. "पण ज्यांनी भिंत पाहिलीच नाही ते एक शब्द मान्य नाही म्हणतात, आणि त्यांचे मालक इथे लिहून देतात की वास आला. तेव्हा मीच जाऊन बघते. आज दोन वाजता. तुम्हीही चला, वकीलसाहेब."

दोन वाजता तिघं दुसऱ्या मजल्यावर उभी होती. झेल्मा केस विंचरून उशीला टेकून बसली होती, दरबार भरवल्यासारखी. मिसेस ओबर्ग एका कार्डापासून दुसऱ्या कार्डाकडे वाचत गेल्या. भेगेपाशी आल्यावर वर्डेलने त्यांच्या हातात एक खिळा दिला.

"दाबून बघा. अंगठ्याने."

त्यांनी दाबला. खिळा डोक्यापर्यंत आत गेला आणि भोकातून पाण्याचा एक ओघळ खाली आला, सावकाश, कुणाला घाई नसल्यासारखा. वकिलाने रुमाल काढून नाकाला लावला.

"असं काय करता, साहेब?" झेल्मा म्हणाली. "थोडी स्वयंपाकाची वाफ आहे."

हुकूम तिथेच पलंगाच्या कडेवर फाइल ठेवून लिहिला गेला. सात दिवसांत काम सुरू करून भिंत फोडायची, आतला नळ बदलायचा, नवा गिलावा करायचा. तोवर आजारी बाईची कोरड्या जागी सोय कंपनीने करायची.

सहाव्या दिवशी कामगार आले. सातव्या दिवशी कोण येईल याची वाट बघायची हॅचरच्या माणसांची तयारी नसावी. भिंतीत कुजलेल्या लाकडामागे नळ सापडला, मनगटाएवढा जाड आणि चाळणीसारखा. राडा पोत्यांत भरून खाली नेताना वर्डेलने पांढऱ्या पायऱ्यांवर आधी जुनी चादर अंथरायला लावली. नोव्हेंबरच्या मध्यावर झेल्मा परत आली, आल्याआल्या नवा गिलावा नखाने खरवडून बघितला आणि रंग कुणी निवडला म्हणून भांडली. त्या भांडणात ती एकदाही खोकली नाही.

शनिवारी वर्डेल वर्गात गेली, कारण शेवटची परीक्षा राहिली होती आणि अर्धवट काही सोडायची तिला सवय नव्हती. मि. टीगचा चेहरा उतरलेला होता. मि. हॅचर पुढच्या वर्षी पाठिंबा देणार नाहीत म्हणे.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, मिस वर्डेल. ते खरं होतं म्हणून."

वर्डेलने वही उघडून त्याच्यापुढे धरली, लाल शाई आणि सोनेरी चांदणी त्याला दिसेल अशी. मग त्याने नवी यादी वाटली. नवी कथा, नवी हवेली, यात वटवाघळंही होती. तिने जुन्या यादीची परीक्षा दिली, वीसपैकी वीस, आणि नवी यादी टेबलावर तशीच ठेवून ती निघाली. मि. क्लीओफस म्हणाले, मी थांबतो, वटवाघळांबद्दल नातीला कळवायचंय.

घरी येऊन तिने यंत्रावरचं कार्ड काढलं. भिंतीवरची कार्डं राड्याबरोबर गेलीच होती. मग चहात साखर घालायला डबा उघडला, तर 'औदासीन्य' तिथेच होतं, कोपऱ्याला साखर चिकटलेली.

"ते टाक की आता," झेल्मा म्हणाली.

"टाकते."

तिने एक पाकीट घेतलं, कार्ड पुसून आत घातलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: मि. लॉर्न हॅचर. झाडाचं किंवा पक्ष्याचं नाव लिहिलं नाही, सरळ माणसाचं, आणि खाली तिसऱ्या कागदावरचा त्याचा पत्ता. डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला, टॅनर्स रो, दुसरा मजला, दरवाजाच्या नंबरासकट. मग कोट घालून खाली उतरली, पायऱ्या ओलांडल्या, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आली.